डेथशिफ्ट आणि कबुतरांची शर्यत

तिसऱ्या कडव्यापर्यंत फोल्कर शिमानियाक ड्रम व्यवस्थित वाजवायचा. त्यानंतर त्याचा उजवा पाय संपावर जायचा, पाठोपाठ डावा हात, आणि मग चेहऱ्यावर असे काही भाव यायचे की काचेपलीकडे बसलेली स्वेन्या निमूटपणे रेकॉर्डिंग थांबवायची.

"छान होतं, काका," ती म्हणायची. "पुन्हा एकदा घेऊ या."

"छान होतं तर पुन्हा कशाला?"

यावर ती समोरच्या बटणांशी चाळा करायची. पोर मनाने चांगली होती आणि खोटं बोलायचा तिला सराव नव्हता.

वाने-आइकेलच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत पाळी संपवून आलेले कामगार जिथे अंघोळ करत, ते दालन स्वेन्याने स्टुडिओसाठी भाड्याने घेतलं होतं. कामगारांचे कपडे टांगायच्या साखळ्या अजून छतापासून लोंबत होत्या, त्यांना आता मायक्रोफोन लटकत. फोल्करच्या बापाची पँट याच छताला उभा जन्म लटकली होती. पोरगा खाणीत न उतरता ड्रम बडवत बसतो म्हणून बाप हयातभर धुसफुसला. तोच पोरगा म्हातारपणी त्याच दालनात घाम गाळताना बघून तो बहुधा खूश झाला असता.

डेथशिफ्ट हा बँड तीन जणांचा. गाणारा आणि गिटार वाजवणारा डेटलेफ, म्हणजे स्वेन्याचा बाप. बेस वाजवणारा उवे, जो वर्षातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन बिअर मागण्यासाठी असायची. आणि फोल्कर. शहाऐंशी साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, 'अजून खाली', आणि जर्मनीभरच्या पोरांनी ती झिजेपर्यंत वाजवली. इतकं वेगवान कुणी ऐकलंच नव्हतं. मग सात-आठ वर्षं गावोगाव कार्यक्रम, आणि मग सगळं बंद. बंद का पडलं, तर फोल्कर सोडून गेला म्हणून. ट्रामची नोकरी लागली, बीर्गिटला घरात नवरा हवाय, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. खरं कारण त्याने एकट्या बीर्गिटला सांगितलं होतं. स्वतःच्याच रेकॉर्डचा वेग त्याला झेपेनासा झाला होता. बँड आपल्यामुळे बुडाला ही गोष्ट त्याने इतकी वर्षं छातीत ठेवली होती, आणि ती तिथे मुळीच आरामात राहत नव्हती.

आता एवढ्या वर्षांनी नवा आल्बम निघत होता. नवी गाणी ठीक चालली होती, कारण ती साठी ओलांडलेल्या माणसांनी साठी ओलांडलेल्या माणसांसाठी बांधली होती. पण रेकॉर्ड कंपनीची एक अट होती: जुनं 'अजून खाली' नव्याने वाजवून सगळ्यांत आधी घालायचं, आणि तेही होतं त्याच वेगात. स्वेन्याने रेकॉर्डवरून वेग मोजला, फोल्करच्या कानात त्या वेगाची टिकटिक सोडली आणि त्या दिवसापासून फोल्करच्या नाकी नऊ आले.

शेवटी एके दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीत डेटलेफने विषय काढला. काढला म्हणजे काय, केचप आणि मेयोनीज घातलेल्या बटाट्यांकडे बघत पुटपुटला.

"कंपनीचं म्हणणं असं की, लाइपझिगचा एक पोरगा आहे."

"कसला पोरगा?"

"ड्रमवाला. तेवढं एक गाणं तो वाजवेल. बाकी सगळी तूच. च्युइंगम चघळत वाजवतो म्हणे."

"तेवढं एक गाणं," फोल्कर म्हणाला. "लेका, लोकांना आपलं तेवढं एकच तर गाणं माहितेय."

डेटलेफ बटाटे ढवळत राहिला. उवेने स्वतःची बिअर फोल्करपुढे सरकवली. उवेच्या बाबतीत हे भाषणच समजायचं.

"शनिवारपर्यंत वेळ दे," फोल्कर म्हणाला.

तो आठवडा बीर्गिटने कसा काढला ते तिलाच ठाऊक. नवरा सोफ्याच्या उशा बडवायचा, जेवताना टेबल बडवायचा आणि झोपेत तिला लाथा मारायचा, त्याही लयीत. कामावर ट्राम सिग्नलला थांबली की बोटं हँडलवर नाचायला लागायची. एका आजीबाईंनी तर उतरताना केबिनचं दार वाजवून सांगितलं, "ड्रायव्हर, तुमच्या गाडीत कसलातरी खडखडाट आहे, दाखवून घ्या."

"गुडघ्याला मलम लाव," बीर्गिट म्हणाली, "आणि मला एक सांग. त्या पोराने वाजवलं तर काय होईल?"

"मग सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की तेव्हाही माझ्यामुळेच बुडालं." हे बोलताना त्याला रडू आलं आणि त्याने ते मलमाच्या वासावर ढकललं.

शनिवारी सकाळी फोल्कर स्टुडिओत आला तो तणतणतच. ती टिकटिक नको, म्हणाला. कानात मला जुनी रेकॉर्डच लाव. धावायचंच आहे तर मी स्वतःच्या मागे धावेन, यंत्राच्या मागे नाही.

"मग सगळेच रेकॉर्डबरोबर वाजवा," स्वेन्या म्हणाली. "पप्पा, गिटार नीट जुळवून घे. माझ्या यंत्रावर, कानाने नाही."

डेटलेफने कुरकुरत गिटार जुळवली. स्वेन्याने रेकॉर्ड लावली आणि तिघे तुटून पडले. पहिल्याच सुराला सगळ्यांचे दात आंबले. गिटार एकीकडे, रेकॉर्ड भलतीकडे.

"तुमची रेकॉर्ड बेसूर आहे," स्वेन्या म्हणाली.

"आमची रेकॉर्ड बेसूर नाहीये, तुझं यंत्र बेसूर आहे," डेटलेफ म्हणाला. "आम्ही वर्षानुवर्षं याच रेकॉर्डवरून गिटारी जुळवत आलो. उवेने सूर जुळवायचा काटा कालव्यात पाडला ना, तेव्हापासून."

"पडला," उवे म्हणाला.

स्वेन्याने भुवया वर चढवल्या. एवढी वर्षं दोन मोठी माणसं यंत्र विकत न घेता रेकॉर्डवरून गिटारी जुळवत होती, हे पचवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि रेकॉर्डचा वेग हळूहळू कमी करत नेला. सूर खाली आला. अजून खाली. गिटारीशी नेमका जुळला तिथे ती थांबली आणि तिने आवाज मोठा केला.

डेटलेफने हातातला कप खाली ठेवला. रेकॉर्डवर त्याचा आवाज नेहमी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा यायचा, आणि तसाच आवाज काढता काढता त्याने दोनदा घशाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आता स्पीकरमधून एक विशीतला, धडधाकट, भरड गळ्याचा पोरगा गात होता. तो डेटलेफ होता. उवे चक्क उठून उभा राहिला.

फोल्करने काही विचार केला नाही. काठ्या उचलल्या आणि वाजवायला लागला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यानंतर पाय संपावर गेला नाही. रेकॉर्डवरचा पोरगा आणि स्टुलावरचा म्हातारा शेवटच्या ठोक्यापर्यंत खांद्याला खांदा लावून गेले.

"काका," स्वेन्या हळूच म्हणाली, "तू तेव्हा एवढ्याच वेगात वाजवलं होतंस. आणि आजही तेवढ्याच वेगात वाजवतोस. मधे कुणीतरी टेप जास्त वेगाने पळवलीय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. ती रेकॉर्ड त्यांचा तेव्हाचा रेकॉर्डिंगवाला हाइंत्स-विली याने केली होती. फोल्करला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. तो असा तरातरा बाहेर पडला की बाकीच्यांना गाडी गाठायला पळावं लागलं.

हाइंत्स-विली ऐंशीच्या पुढे गेलेला, कालव्याकाठच्या बागेत कबुतरांच्या खुराड्यासमोर घडीची खुर्ची टाकून बसला होता. फाटकाचा आवाज झाला तसं त्याने मान न वळवता बोट ओठांवर ठेवलं. शनिवार होता आणि शर्यत होती. कबुतरं दूरच्या पासाउ गावाहून सुटली होती, कुठल्याही क्षणी येतील, आणि बागेत गलका असला तर ती कौलांवर बसून राहतात, आत काही येत नाहीत, आणि आत आल्याशिवाय शर्यतीत वेळ धरत नाहीत. या भागात लहान पोरांनाही हे कळतं. तेव्हा काळी जाकिटं घातलेले, खिळ्यांचे पट्टे लावलेले ते तीन म्हातारे चवड्यांवर चालत भोपळ्याच्या वेलांमधून आले आणि जन्मातलं सर्वांत मोठं भांडण त्यांनी कुजबुजत केलं.

"तुम्ही टेप पळवलीत," फोल्कर कुजबुजला.

"कुठली?"

"'अजून खाली'."

"हो, पळवली की," हाइंत्स-विली कुजबुजला. "पोरांनो, एका बाजूला मावेल त्याहून जास्त गाणी होती तुमची. एक कापा म्हटलं, तर हा डेटलेफ रडायला लागला."

"मी रडलो नव्हतो," डेटलेफ कुजबुजला.

"रडला होतास. बरं, सगळं कोंबावं तर आवाज बारीक होणार. तर म्हणालात, आवाजही मोठा हवा. मग मी काय करू? यंत्राचं बटण जरासं फिरवलं. बसलं सगळं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल. तुम्ही ऐकलंत आणि नाचायला लागलात. म्हणालात, बघा, आपण किती जबरदस्त वाजवतो."

हे खरं होतं. फोल्करला ते नाचणं स्पष्ट आठवलं आणि त्याचे कान तापले. तरी तो हटला नाही.

"माझा गुडघा गेला," तो कुजबुजला. "खांदा गेला. बँड गेला. या रेकॉर्डला गाठता गाठता मी मेलो, हाइंत्स-विली. मला वाटायचं मी ढेपाळलो. आणि ते मी नव्हतोच, ते तुमचं बटण होतं. मागाहून तरी सांगायचंत."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा आकाशावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"सांगायलाच आलो होतो," तो म्हणाला. "रेकॉर्ड आली त्याच्या पुढच्या वर्षी, बोखूमला. तुमचा कार्यक्रम होता. मनात म्हटलं, पोरं तोंडावर आपटणार, आधीच कानावर घालू. ट्राम चुकली, पोचेपर्यंत तुम्ही सुरूही केलं होतंत. मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि तू ते वाजवत होतास, फोल्कर. बटणाच्या वेगात. हातांनी."

फोल्करने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"असं कुणाला जमत नव्हतं तेव्हा. तुलाही जमायला नको होतं. तुला वाटत होतं आपण हे एकदा केलंय, म्हणून तू करत होतास. मग म्हटलं, याला सांगितलं तर उद्यापासून याला येणार नाही. तसाच परत गेलो." त्याने नाक पुसलं. "चुकलं असेल माझं. पण तसं वाजवणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही."

फोल्करच्या पोटातून एक मोठा आवाज वर निघाला. शिवी होती की हुंदका, त्याचं त्यालाही कळलं नाही. तेवढ्यात उवेने त्याचा दंड धरला आणि वर बोट दाखवलं. कालव्यावरून एक राखाडी ठिपका येत होता. चौघांनी श्वास रोखले. कबुतर कौलांवर बसलं, त्याने काळ्या जाकिटांकडे संशयाने बघितलं, दोन पावलं इकडे केली, दोन तिकडे. फोल्करने तो आवाज तोंड दाबून गिळला. कबुतर टुणकन आत गेलं. हाइंत्स-विलीने शर्यतीच्या घड्याळाचा खटका दाबला आणि समाधानाने मांडीवर थाप मारली.

"आता ओरड हवं तेवढं," तो म्हणाला.

पण फोल्करच्या मनात ओरडणं उरलं नव्हतं. तो तिथेच भोपळ्याशेजारी पालथ्या बादलीवर बसला आणि हसायला लागला. हसताना डोळे वाहत होते ते त्याने पुसलेही नाहीत. बँड त्याच्यामुळे बुडाला नव्हता. जे कुणाला जमण्यासारखं नव्हतं ते त्याने कित्येक वर्षं निभावलं होतं, आणि मग शरीराने हात जोडले होते, एवढंच.

त्याच दुपारी गाणं रेकॉर्ड झालं, खऱ्या वेगात. लाइपझिगच्या पोराला डेटलेफने स्वतः फोन करून नको म्हणून कळवलं. मग कंपनीच्या माणसाने स्वेन्याला विचारलं, कॉम्प्युटरवर जरासं पळवता येईल का. फोल्करने फोन तिच्या हातातून घेतला.

"येईल की," तो म्हणाला. "पण मग कार्यक्रमाला ड्रमवर तुम्ही बसा."

पुन्हा कुणी विचारलं नाही.

आल्बम आला आणि बरा चालला. पाठोपाठ एका सोमवारी हेर्नेच्या थांब्यावर एक माणूस ट्राममध्ये चढला. फोल्करच्याच वयाचा, टक्कल पडलेला, पोटावर ताणलेला डेथशिफ्टचा जुना टीशर्ट. ड्रायव्हरला ओळखून तो तिथेच थबकला.

"नवी रेकॉर्ड ऐकली," तो म्हणाला. "मस्त आहे. फक्त ते एक गाणं, राग मानू नको हं, थोडं सावकाश वाटलं. वय झालं की होतं असं. रेकॉर्डवर कसलं वाजवलं होतंस."

"हं," फोल्कर म्हणाला.

"आणि बोखूमला. मी होतो तिथे, पुढच्या रांगेत. तिथेही अगदी रेकॉर्डसारखंच. डिट्टो."

फोल्करने दारं बंद केली, आरशात बघितलं, गाडी थांब्यावरून काढली.

"रेकॉर्डवर मशीन होतं," तो म्हणाला. "बोखूमला मी होतो."