निवडलेले एकोणीस

चिंगीला त्रेचाळिसावं लागलं होतं, ऑफिसात तिच्या हाताखाली सहा माणसं होती, तरी घरी ती चिंगीच. आणि चिंगीला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हटल्यावर प्रिंटर अडला की चिंगी, पासवर्ड विसरला की चिंगी. ती दिवसभर एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहून येते, तिलाही पाठ आहे, तिचेही डोळे चुरचुरतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तिचा थोरला भाऊ फोटोग्राफर. फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, पण गिऱ्हाइकाला ते दाखवायचे म्हणजे त्याच्या नाकी नऊ यायचे. पेनड्राइव्ह दिला तर तो हरवायचा, फोनवर पाठवले तर फोन गच्च भरायचा. मग फोन यायचा, "तो डावीकडून तिसरा छान आलाय, तो द्या." आता कुठला डावीकडून तिसरा?

"एक साधं काहीतरी करून दे गं," दादा म्हणाला. "मी फोटो टाकणार, लिंक पाठवणार, ते निवडणार. बस्स."

बस्स म्हणायला काय जातंय? चिंगीचे दोन महिने गेले त्यात. जेवणाची सुट्टी गेली, रविवार गेले. सुरुवातीला तिनं प्रत्येक फोटोखाली दोन बटणं ठरवली होती, एक 'ठेवा', एक 'काढा'. शेवटी 'नक्की ना?' असंही विचारायचं होतं. पण एका रविवारी डोकं इतकं ठणकायला लागलं की तिनं हात टेकले. एकच बटण ठेवलं, 'निवडा'. सगळ्यात खाली दुसरं, 'झालं'. ते दाबलं की निवडलेले फोटो राहणार आणि बाकीचे आठ दिवसांनी आपोआप पुसले जाणार, कारण फोटो साठवायला इंटरनेटवर भाड्यानं घेतलेली जागा टीचभर होती. 'नक्की ना?' नंतर करू, म्हणाली. ते नंतर काही आलं नाही.

"बाबांना जमलं तर जगाला जमेल," असं म्हणून दादानं आईबाबांना स्टुडिओत बोलावलं आणि दोघांचे दोनशे बारा फोटो काढले. आईबाबांनी एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून लिंक उघडली आणि तासाभरात 'झालं' दाबलं. ऑफिसात चिंगीला दिसलं, दोनशे बारापैकी एकोणीस निवडले. फोटो काही तिनं उघडून बघितले नाहीत. यंत्र चाललं, सुटलो बाई एकदाचे, एवढंच तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी आई न्हाणीघरात पडली. सहा दिवस हॉस्पिटलात होती, आणि मग नव्हती. त्या धावपळीत आठवा दिवस येऊन गेला. यंत्रानं आपलं काम चोख केलं. दादानं तर कॅमेऱ्याचं कार्ड आधीच पुसून दुसऱ्या कामाला घेतलं होतं. फोटो चिंगीकडे आहेत म्हटल्यावर काळजी कसली?

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, चिंगी बाबांकडे गेली तेव्हा ते टेबलावर ताट घेऊन तांदूळ निवडत बसले होते. हे काम लग्नापासून त्यांच्याकडेच. आईला बारीक खडा दिसत नसे, आणि दाताखाली आला की ती बाबांनाच बोलत असे. समोरच्या भिंतीवर एक नवा खिळा ठोकलेला होता.

"आईचा एक फोटो मोठा करून लावायचाय," बाबा म्हणाले. "दादाला सांग, त्या उरलेल्यातला कर."

"उरलेल्यातला?"

"स्टुडिओतल्या. निवडून दिलेत ना आम्ही? वाईट होते तेवढे निवडले. आता राहिलेत ते चांगलेच." त्यांनी एक खडा बोटानं ताटाच्या काठाशी सरकवला.

 चिंगी तशीच आतल्या खोलीत गेली आणि लॅपटॉप उघडला. एकोणीस फोटो. एकात आईचे डोळे मिटलेले, एकात ती शिंकतेय, एकात नुसता कान आणि बाबांचा खांदा. तिनं दादाला फोन लावला.

"कार्ड पुसलं गं मी," दादा म्हणाला. "तुझ्याकडे आहेत म्हणून."

"माझ्याकडे हे एकोणीसच आहेत."

 दादा म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. म्हणू या, बिघडलं काहीतरी."

"बिघडलं नाही रे. सांगितलं तेच केलंय त्यानं."

तिला दादाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, पण राग धरायलाही अंगात त्राण नव्हतं. खोटं बोलणं किती सोपं होतं. बाबांनी विश्वास ठेवला असता आणि तिला गप पडून राहता आलं असतं. पण तो खिळा होता ना भिंतीवर. उद्या विचारतील, परवा विचारतील, आणि दर वेळी नवं काहीतरी सांगावं लागेल. तेवढी ताकद तिच्यात नव्हती. ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

"बाबा, चांगले फोटो गेले. निवडलेले ठेवायचे आणि बाकीचे पुसायचे, असं केलं होतं मी."

बाबांचा हात ताटात थांबला. "म्हणजे मीच पुसले."

"नाही. बटण मी केलंय. चूक माझी आहे."

"पण निवडा असंच लिहिलं होतं ना?" त्यांनी चष्मा वर सरकवला. ते भांडत नव्हते, खरंच विचारत होते. "तांदूळ निवडले की ताटात काय राहतं?"

"तांदूळ."

"मग?"

 चिंगी त्यांच्या शेजारी बसली आणि रडली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तांदळाच्या पिठीनं पांढरा झालेला. मग म्हणाले, "दाखव काय आहेत ते."

"वाईट आहेत हो सगळे."

"माहीत आहे. तिनंच निवडलेत. मी आपला बटण दाबायला."

एकेक फोटो पुढे सरकत गेला. "हा बघ, डोळे मिटलेत तिचे. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, झोपलेल्या माणसाचा फोटो कुणी लावतं का. ह्यात मान बगळ्यासारखी दिसते म्हणाली. आणि हा माझ्यामुळे गेला, मी तोंड वेडंवाकडं केलंय." बाबा हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "सगळेच ठेवू म्हटलं होतं मी तिला. तर म्हणे, कचरा कशाला ठेवायचा?"

शेवटच्या फोटोत आई खुर्चीतून अर्धी उठलेली होती. एक हात कॅमेऱ्याकडे, तोंड उघडं, कपाळावर आठ्या. दादाला ती 'पुरे आता' म्हणत होती, हे फोटोत ऐकू येत नसलं तरी दोघांनाही ऐकू आलं. हात हललेला, चेहरा मात्र स्वच्छ.

बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा," ते म्हणाले. "चिडेल, पण चिडू दे."

चिंगीनं डोळे पुसले आणि सवयीनं फोटोखालच्या बटणाकडे बोट नेलं. "हाच निवडू ना, बाबा?"

बाबांनी तिचं मनगट धरलं.

"निवडू नकोस," ते म्हणाले. "ठेव."