दहा लाख एक

"दहा लाख एकला कशानंच भाग जात नाही, बाबा. पैज लावा!"

लुसुबिलोनं इस्पितळातल्या खाटेवर उठून बसत वही पुढं केली. अंगात ताप फणफणत होता, हाताला सलाईन लावलेलं. तरी सोळा वर्षांच्या पोरीचा हट्ट काही उतरला नव्हता. तिचे वडील, म्वाकासुंगुला मास्तर, कारोंगाच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत आले होते. त्यांनी पानं चाळली. दोन, तीन, पाच, सात करत पोरीनं एकेका मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं, थेट सत्त्याण्णवपर्यंत. दर वेळी काही ना काही बाकी उरलेली.

पुढचीच मूळ संख्या एकशे एक. त्या संख्येनं पुरा भाग जातो, हे मास्तरांना ठाऊक होतं.

"एवढ्यात थांबलीस?"

"म्हणजे जातो? कशानं? सांगा ना!"

"मी आजवर कुणाला आयतं उत्तर दिलंय?"

"आजारी आहे मी."

"आजाऱ्याला गणित माफ, असं कुठं लिहिलंय?"

"अहो, सांगून टाका की," तिची आई न्यामवेंडा मासळीचा रस्सा भातात कालवत म्हणाली. "तुमचं काय झिजतंय?"

"उद्या शाळा सुटली की येतो. तोवर तूच शोध. जवळ आलीयेस."

"किती जवळ?"

मास्तर नुसते हसले आणि मिनीबस गाठायला निघाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला फोन आला. मलेरिया मेंदूत गेला होता. पहाटेच सगळं संपलं होतं.

पोरीला पुरून आल्यावर अंगणात चटया पसरल्या. बाया गात राहिल्या, माणसं येऊन देवाची मर्जी म्हणून जात राहिली. मास्तर मान हलवत होते. एकशे एक. दोन शब्द. बोलायला कितीसा वेळ लागला असता?

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले. न्यामवेंडानं इस्पितळातून आणलेलं बोचकं सोडलं आणि वही त्यांच्यापुढं ठेवली.

"तुम्ही गेल्यावर हेच लिहीत बसली होती. 'एवढंच राहिलंय, आई' म्हणत होती. मी ओरडले, झोप म्हटलं. पेन्सिल काढून घेतली हातातनं. जमलं होतं का हो तिला?"

मास्तरांनी शेवटचं पान उघडलं. एकशे एकनं मांडलेला भागाकार. अक्षर वेडंवाकडं, आकडे बरोबर. वर नऊ, नऊ, शून्य. खाली एकशे एक उतरवलेले. शेवटचा एक लिहायचा तेवढा राहिला होता.

न्यामवेंडा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती.

"हो," मास्तर म्हणाले. "पुरं सोडवलंय तिनं."

"अगदी पुरं?"

"अगदी."

तिनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या, त्या छापील कापडाच्या टोकानं डोळे पुसले. शेजारणीनं झाकून ठेवलेली ताटली ओढली आणि चार दिवसांत पहिल्यांदा एक घास तोंडात घातला. तिचं खाणं होईपर्यंत मास्तर वही मिटून मांडीवर धरून बसून राहिले.