दोघांची वाकळ

"दाजी, तुम्ही ओसरीवर का निजता?"

बहिणीकडं राहायला आलेल्या माऊलीनं विचारलं, तेव्हा नवनाथ चपला घालून कंपनीत निघून गेला. माऊलीच्या बहिणीनं, सुलक्षणानं, डोळे मिटून घेतले.

मी त्या नवराबायकोची वाकळ बोलतेय. सुलक्षणाच्या आईनं जुनी लुगडी जोडून मला शिवलं, लग्नात दिलं. सुलक्षणाला स्तनाचा कॅन्सर झाला, एक बाजू काढावी लागली. केमोच्या सलाईनी सुरू झाल्या आणि नवनाथनं वेगळं अंथरूण घातलं. तिला वाटलं, त्याला आपली किळस आली.

सलाईन लागली की तिला हुडहुडी भरायची, म्हणून पुण्याच्या दवाखान्यात मीही जायचे. एकदा डॉक्टरबाईंनी पुरुषांना बाहेर काढलं आणि बायकांना सांगितलं, "जवळ झोपल्यानं हा आजार लागत नाही, अंगातलं औषधही शिवण्यानं बाधत नाही. मन असेल तर संबंधही चालतात. औषधं सुरू असताना निरोध मात्र वापरा, दिवस जाऊ देऊ नका. कोरडं पडून दुखलं तर लाजू नका, मला सांगा."

बायका पदराआड हसल्या. नवनाथ दाराबाहेर उभा होता. घरी येऊन सुलक्षणा काही बोलली नाही. असलं बायकोनं बोलायचं नसतं.

माऊलीला मात्र राहवेना. एका संध्याकाळी त्यानं दाजींचं अंथरूण उचललं आणि आत फेकलं.

"आरं मुडद्या, भावानं करायची कामं व्हय ही?" सुलक्षणाची सासू पार्वतीबाई ओरडली.

"ती रडतीया, मावशी! कुणी तरी करायला नको?"

नवनाथ उंबऱ्यावर खाली बसला. "सिस्टर ते औषध हातमोजे घालून लावत्यात. आमच्याकडं कुरकुंभला केमिकल कंपनीत ज्याला हातमोजे लागत्यात, त्याला उघडा हात लावला की कातडं जातं. मला वाटलं, हिच्या अंगात तसलंच हाय. भ्यालो मी."

"मला इचारायचं तरी," सुलक्षणा म्हणाली. मग मान खाली घालून तिनं डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं.

पुन्हा मी दोघांवर आले. पण आजार हाडांत उतरला होता. दिवाळीआधी ती गेली.

डॉक्टर असं काही सांगत असतील, तर बायांनो, नवऱ्याला आत बोलवा. एवढंच मागते.

भीमेच्या काठी लोकांनी मला तिच्या कपड्यांच्या ढिगात टाकलं.

"मयताचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत," कुणी म्हणालं.

"दोघांची हाय ती. दाजी जित्ते हायेत अजून," म्हणत माऊलीनं मला ओढून घेतलं. घरी आणून नवनाथच्या अंगावर घातलं आणि माझी ताईकडची बाजू हातानं सारखी करून ठेवली.