तिच्या फ्रॉकने पुसलेला दिवा

त्या शेवटच्या साध्या दिवशीही मामा नेहमीसारखेच आले. चपला संग्रहालयातल्या माझ्या दालनाच्या दाराबाहेर काढल्या, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्या काचेवर तोंडाने वाफ सोडली. मग माझ्याखालच्या डब्यातून पिवळं सुती फडकं काढून ते मला पुसू लागले.

"अहो मामा, बंद दालनात कुठून आलंय समुद्राचं खारं पाणी?" पहारेकरी म्हणाला. "रोज काय पुसायचं?"

"तू रोज दाढी करतोस ना? तुला तरी कोण बघतंय?" मामा म्हणाले. पहारेकरी गालावर हात फिरवत हसला.

जाताना मामांनी मला थोपटलं. "उद्या उशीर होईल रे. पोरगी यायची आहे."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मित्रांनो, मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला राग आला. पोरगी आली ना, आता आमची आठवण कशाला राहील! मी फुगून बसलो. पुढे पहारेकरी झाडूवाल्या बाईंना दारात हळू आवाजात सांगत होता, "झोपेतच गेले हो," तेव्हा कुठे मला कळलं. माझ्यावर धूळ बसू लागली होती आणि रुसायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

मी एक जुना दिवा आहे. पण देव्हाऱ्यातला किंवा रस्त्यावरचा नाही. माझं आयुष्य विमानवाहू जहाजावर गेलं. असं जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारी धावपट्टी, तीही इतकी आखूड की विमानाच्या शेपटीला लोंबणारा आकडा पट्टीवर आडव्या ताणलेल्या जाड तारेत अडकला, तरच विमान थांबतं. त्यातून जहाज सारखं पुढे जातंय, वर-खाली होतंय. अशा जागी वैमानिकाने उतरायचं कसं? तर माझ्याकडे बघून.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. जाड भिंगं एकावर एक रचून माझा उभा खांब केला, मागे दिवे बसवले आणि दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी रांग लावली. ही भिंगं अशी बसवलेली आहेत की समोरून येणारा ज्या उंचीवर असेल, तिथलंच भिंग त्याला पेटलेलं दिसतं. लांबून तो एक पिवळा गोळा वाटतो. गोळा हिरव्या रांगेच्या वर दिसला तर तुम्ही फार उंच आहात. रांगेखाली गेला तर फार खाली आहात, आणि लाल झाला तर जीव वाचवा. गोळा रांगेत आला की वाट बरोबर. जहाज हेलकावे खायचं, पण मला सावरणारी यंत्रं होती. मी दाखवलेली वाट हलत नसे.

शेजारचे हिरवे दिवे नुसते जागेवर उभे असायचे, तरी फोटोत तेच छान दिसायचे. पण ते जाऊ द्या. माझा खरा हेवा दुसरीकडे होता.

मला सांभाळणाऱ्या कारागिराला सगळं जहाज दिवेमामा म्हणायचं. खारं पाणी वाळलं की काचेवर पांढरी खपली धरते आणि गोळा अंधूक होतो, म्हणून मामा मला सारखे पुसत. त्यासाठी कोरी फडकी गठ्ठ्याने यायची. मामा ती हुंगूनही बघत नसत. "खरखरीत आहेत. भिंगाला ओरखडे पडतील." ते सुट्टीवरून परतताना स्वतःची फडकी आणत: पुष्कळ धुतलेलं, मऊ झालेलं सुती कापड. त्यांच्या मुलीला लहान झालेले फ्रॉक!

आता सांगा, कुणाला आवडेल? पुसायचं मला आणि गोष्टी तिच्या. "हा पिवळा बघ. ह्यातच ती सायकल शिकली. मी सीट सोडलंय हे तिला कळलंच नाही." माझ्या भिंगावरून हात फिरायचा, पण मन तिच्या सायकलमागे धावत असायचं. माझ्यामुळे माणसं जिवंत उतरत होती, आणि कौतुक कुणाचं, तर गुडघे फोडून घेणाऱ्या एका मुलीचं!

एकदा घरच्या माणसांना जहाज बघायला बोलावलं होतं. मामी आल्या, सोबत ती. तेव्हा ती दोन वेण्या घालणारी शाळकरी मुलगी होती. तिने मामांच्या हातातलं फडकं पाहिलं आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, हा माझा फ्रॉक आहे."

"तुला लहान झाला ना आता?"

"म्हणून काय झालं? माझा आहे. आई, बघ ना!"

"मी काय बघू?" मामी म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी इथे एवढे दिवे लावलेत, घरी कधी लावतात ते विचार."

सगळे हसले. ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने पिशवीतून एक पदक काढलं. पोहण्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती. मामांनी ते उन्हात धरलं, उलटंसुलटं पाहिलं, मान हलवली आणि परत तिच्या हातात दिलं. बोलले काहीच नाहीत. मग वळून माझ्या कोपऱ्यातली खपली काढू लागले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की काच तडकावी. आणि मी? मला आनंद झाला. म्हटलं, बघ, तुला एक शब्द नाही, आणि मला मात्र गोंजारतात!

मामा का बोलले नाहीत, हे मला माहीत होतं. आमच्याकडची रीतच तशी. माझ्याजवळच्या चौथऱ्यावर साहेब उभे असत, विमानं उतरवून घेणारे अधिकारी. विमान जवळ आलं की वैमानिकाने रेडिओवर सांगायचं, "गोळा दिसतोय." साहेबांनी म्हणायचं, "ऐकलं." त्यानंतर तो चुकला तरच साहेब बोलणार. बरोबर येत असेल तर सगळे गप्प. आमच्याकडे शांतता हीच शाबासकी होती. मामांनी तिला मोठ्यात मोठी शाबासकी दिली होती. तिला ती कळली नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

आणखी एक दिवस सांगतो. विमानं लहानमोठी असतात. मोठ्या विमानात वैमानिकाचा डोळा आकड्यापासून बराच उंच असतो, लहानात कमी. म्हणून येणारं विमान बघून मला दर वेळी नव्याने बसवावं लागतं. त्या दिवशी एक लहान विमान उतरलं आणि मागोमाग मोठं आलं. मला बदलायचं राहून गेलं होतं. वैमानिकाला गोळा अगदी रांगेत दिसत होता. माझ्यावर विश्वास ठेवूनच तो खाली, जहाजाच्या कडेवर येत होता.

"साहेब, परतवा! दिवा लहानाचा आहे!" मामा ओरडले.

साहेबांनी 'उतरू नको' सांगणारे लाल दिवे लावले. विमान गर्जत डोक्यावरून निघून गेलं. मला नीट बसवल्यावर ते फिरून आलं आणि सुखरूप उतरलं. मामांनी लगेच फडकं काढलं. पुसता पुसता ते मला म्हणाले, "बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर आहे, ते आधी बघायला हवं रे. नाहीतर बरोबर दिवासुद्धा माणसाला बुडवतो."

एवढं शहाणपण असलेला माणूस, पण घरी गेल्यावर तेच विसरला. पोरीचा डोळा कुठल्या उंचीवर आहे हे न बघता त्याने तिलाही आमच्यासारखी शांतताच दाखवली.

दिवस गेले. माझ्याहून हुशार यंत्रं आली आणि लोक माझ्यासमोरच त्यांचे गोडवे गाऊ लागले. जहाज मोडीत निघालं. मला या दालनात आणून ठेवलं. मामाही निवृत्त झाले, मामी गेल्या, पोरगी नोकरीसाठी दूर गेली. मामा रोज यायचे. शेवटी ते माझ्या एकट्याचे झाले, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

आणि मामा गेल्यानंतर, काल ती आली. केस पांढरे व्हायला लागलेले. सोबत साहेब, काठी टेकत.

"हाच तो?" तिने विचारलं.

"हाच."

"केवढा तरी असेल असं वाटायचं मला."

साहेबांनी माझ्याखालचा डबा उघडून दाखवला. पिवळं, निळ्या चौकड्यांचं, शाळेच्या गणवेशाचं अशी सगळी फडकी धुऊन, घड्या घालून ठेवलेली होती. एकाला अजून खिसा होता. तिने त्या खिशात बोट घातलं.

"हा पिवळा सायकलचा," साहेब म्हणाले. "हा निळा घालून तू पोहण्याचं पदक घ्यायला गेली होतीस. ह्या गोष्टी आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. कंटाळा यायचा गं ऐकून! दिवेमामांनी फडकं काढलं की वैमानिकसुद्धा पळायचे."

"मला कधीच काही म्हणाले नाहीत."

"तुझं बरोबर चाललं होतं ना!" साहेब पटकन म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थबकले. "आमची खोड आहे ती, पोरी. घरी गेलो तरी आम्ही जहाजावरून उतरत नाही." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण गोळा दिसला की आधी येणाऱ्याने सांगायचं असतं. त्याशिवाय इकडच्याला कळत नाही."

तिने पिवळं फडकं घेतलं, माझ्या काचेवर वाफ सोडली आणि मला पुसू लागली. आधी कडा, मग मधला भाग, शेवटी कोपरे. अगदी मामांसारखं. मित्रांनो, इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होतो, तिच्याच हातात माझ्या माणसाचा हात होता.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. जुन्या वस्तू पुसा, जपा, ते तर कराच. पण तुमच्या घरात कुणी नीट, सरळ वाटेने येत असेल तर त्याला तसं तोंडाने सांगा. आणि कुणाकडे बघून तुमची वाट सापडली असेल, तर त्यालाही सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

पहारेकऱ्याने माझं बटण दाबलं. दालनाच्या दुसऱ्या टोकाला बघणाऱ्यांसाठी पट्टा आखला आहे. ती तिथे जाऊन उभी राहिली. थोडी वाकली, गोळा खाली गेला. टाचा उचलल्या, वर गेला. मग ती नीट उभी राहिली, आणि मी रांगेत आलो.

"गोळा दिसतोय," ती म्हणाली.

"ऐकलं," साहेब म्हणाले.

तिने नकारार्थी मान हलवली. तिला साहेबांशी बोलायचं नव्हतं. पिवळं फडकं छातीशी घट्ट धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुमचा दिवा व्हायचं होतं."