हात वर होता तोवर

शिट्टी तीनदा वाजली, तरी जाळरेषेवरचा एकही माणूस हलला नाही.

गवत कापून केलेल्या त्या मोकळ्या पट्ट्यावर बावीस जण ओल्या फांद्या घेऊन ओळीत उभे होते. समोरून वणवा उतरत होता. परत फिरण्याची शिट्टी पथकाच्या प्रमुखाने वरच्या टेकाडावरून दिली होती, आणि बावीसच्या बावीस माना मात्र खाली, पाण्याच्या टाकीकडे वळल्या होत्या. टाकीपाशी कॅप्टन उभा होता.

हा कॅप्टन काही फौजेतला नव्हे. एकतीस वर्षं त्याने सायकलवरून टपाल वाटलं. चौदा वर्षांपूर्वी वणव्यात गावातली सात घरं गेली, तेव्हा त्याने हे पथक उभं केलं. ना पगार, ना गणवेश. शिंपी, गवंडी, शाळेतल्या बाई, पिठाच्या गिरणीवाला, जो येईल त्याला त्याने आग झोडपायला शिकवलं. शिस्तीच्या बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एकदा कुणीतरी घाबरून उगाच शिट्टी फुंकली, अर्धी ओळ पळाली आणि चाऱ्याच्या गंजी खाक झाल्या. त्या दिवसापासून नियम झाला: शिट्टी ऐकली की आधी कॅप्टनकडे बघायचं. त्याचा हात वर असेल तोवर जागा सोडायची नाही. खाली आला की निघायचं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि पथकाने मतं घेऊन प्रमुख म्हणून त्याच्याच सुनेला निवडलं. ती दवाखान्यात नर्स, बोलायला कमी आणि कामाला वाघ. कॅप्टनची छाती फुगली. त्याने तिला शिट्टी दिली, अवजारांच्या खोलीची किल्ली दिली, नावांची यादी दिली. हाताचा नियम रद्द करायचं तेवढं राहून गेलं. शहरातून शिकवायला आलेल्या प्रशिक्षकाने त्याला एकदा विचारलं होतं, "तुमच्याशिवाय पथक चालतं का, कधी बघितलंय?" तेव्हा कॅप्टन खो खो हसला होता. "अहो, माझ्याशिवाय इथं पान हलत नाही!" त्याला ती स्वतःची तारीफ वाटली होती.

"कॅप्टन, ताई बोलावतायत सगळ्यांना," टाकीपाशी त्याच्या शेजारी उभा असलेला टँकरवाला म्हणाला.

"ऐकलं मी. मला कान आहेत."

"मग?"

"अजून पाच मिनिटं. पट्टा पुढे खाणीच्या खडकाला भिडला की आग अडली, घरं वाचली. आत्ता सोडलं तर सगळं मुसळ केरात."

"ताईंना वरून काहीतरी दिसत असेल."

"आग कशी बघायची ते आता तू मला शिकव!"

आणि त्याने हात वर केला. बावीस जण पुन्हा आगीकडे वळले.

टेकाडावरून चौथी शिट्टी आली, लांबलचक. सून दोन्ही हात हलवत होती. मग तिने हात खाली सोडले आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या अंतरावरून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ते उभं राहणं तो ओळखत होता. त्याने रक्तदाबाची गोळी घ्यायची टाळाटाळ केली की घरी ती अशीच दारात उभी राहायची. चार माणसांदेखत सुनेचं ऐकायचं त्याच्या जिवावर आलं.

एकाएकी वारा थांबला. धुराचा खांब सरळ उभा राहिला. ही शांतता कॅप्टनने एकदा पाहिली होती, सात घरं गेली त्या दुपारी. टेकाडापलीकडे एक घळ होती. टाकीपासून ती दिसत नव्हती, वरून स्वच्छ दिसत होती. आग त्या घळीतून ओळीच्या मागे येत होती.

त्याने हात झटकन खाली केला. पण तोवर वारा फिरला होता आणि मधे नुसता धूर होता, हात कुणाला दिसलाच नाही. त्यातून दोघं, तिघं, पाच जण खोकत, धडपडत बाहेर आले. सुनेने मोजले. एकवीस.

गिरणीवाला सगळ्यात वरच्या टोकाला होता. कॅप्टनचा शाळेपासूनचा दोस्त. तासाभराने तो सापडला, तेव्हा फांदी हातातच होती आणि तोंड टाकीच्या दिशेला होतं.

तिसऱ्या दिवशी घरी पाण्याचा तांब्या पुढे ठेवत सून म्हणाली, "बाबा, उद्या चौकशीला साहेब येणार आहेत. तुम्ही गप्प राहा. मी घेते माझ्यावर."

"का?"

"तुमच्यावरचा विश्वास उडाला तर पथक मोडेल. उन्हाळा अजून दोन महिने आहे. सगळं रान वाळलंय."

त्याने तांब्या तसाच बाजूला सारला.

चौकशी शाळेच्या खोलीत झाली, सगळं पथक जमलं होतं. गिरणीवाल्याची बायको पहिल्या बाकावर बसली होती. साहेबांनी विचारलं, "परत फिरायला एवढा उशीर का झाला?"

"प्रमुख मी होते," सून म्हणाली. "चूक माझी."

कॅप्टन बाकाला धरून उठला. "शिट्टी वेळेवर वाजली, साहेब. ओळ मी थांबवली. तो माझ्यामुळे गेला."

गिरणीवाल्याच्या बायकोने वर पाहिलं नाही. साहेबांनी लिहिणं थांबवलं आणि पथकाला साधा प्रश्न विचारला.

"मग यापुढे तुम्ही कुणाचं ऐकणार?"

उत्तरासाठी एकवीस माना वळल्या, त्या कॅप्टनकडे.

माणूस गेला तरी यांना कळत नाही, आणि हे यांना मीच शिकवलंय, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

मैदानात ऊन रणरणत होतं. पूर्वेच्या डोंगरामागून धुराची बारीक रेघ वर चढत होती. आधी त्याला वाटलं, आपल्या डोळ्यांनाच आता सगळीकडे धूर दिसतोय. मग ती रेघ जाड झाली.

त्याने दार उघडलं. तो फक्त सुनेकडे बघून बोलला, आणि ज्या नावाने तिला कधीच हाक मारली नव्हती त्या नावाने त्याने हाक मारली. "प्रमुख, पूर्वेच्या डोंगरावर आग आहे."

एवढं सांगून तो गुडघे ओढत शाळेच्या मागे गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात त्याने खिशात खुपसले. पलीकडे शिट्टी झाली. बाकं सरकली, पावलं धावली. काही पावलं कोपऱ्यापाशी येऊन घुटमळली.

"कॅप्टन?" कुणीतरी विचारलं.

त्याने कपाळ भिंतीला टेकवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा शिट्टी वाजली. जरा वेळाने ती पावलं निघून गेली.