उपाशी ठेवलेले जंतू

उद्या दुपारी बारापर्यंत अंजूचा प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी काही मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजातल्या कोंदट लॅबमध्ये पोरीनं पाच वर्षं घासली, तेव्हा कुठं चार बांधीव प्रती टेबलावर आल्या होत्या.

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीतून तिनं एक जंतू काढला होता. आता कुठलाही जंतू घ्या, त्याला जगायला प्युरिन लागतं, त्याच्या डीएनएचा तो कच्चा माल. ते तो स्वतः बनवतो, नाहीतर बाहेरून ओढतो. ओढायला त्याच्या अंगावर प्रथिनांची दारं असतात. आत आलेल्या प्युरिनला एक एन्झाइम साखर-फॉस्फेट जोडून टाकतं, मग ते परत सटकत नाही. उपास घडला की जंतू दारं वाढवतो, पोट भरलं की कमी करतो. अंजूचा जंतू मात्र कितीही उपाशी ठेवा, दारं वाढवायचं नाव घेत नव्हता. असला आडमुठा जंतू कुणी पाहिला नव्हता, आणि अख्खा प्रबंध त्या आडमुठेपणावरच उभा होता.

लॅब अटेंडंट प्रेमलालकाका चहा घेऊन आले. तेही अंजूच्याच गावचे, राजेगावचे. प्रतीवरून हात फिरवत म्हणाले, "यात माहाबी वाटा हाय बरं, पोरी."

"हौ ना काका. सगळ्या काचा तुम्हीच धुतल्या."

"काचाचं नाही म्हनत. तुहे जंतू म्या कधी उपाशी नाही राहू देले."

अंजूला आधी कळलंच नाही. "म्हणजे काय केलं?"

"तूच त सांगतलं होतं, यायले उपाशी ठेवाचं. जीवच हाय ना तो, काहून छळाचं? आपल्याकडं वासराले चारा टाकल्याबिगर कोनी ताटावर बसत नाही. म्या उकळून ठेवलेलं यीस्टचं पानी घरी जाता जाता चमचाभर टाकत गेलो."

यीस्टच्या पाण्यात प्युरिन ठासून भरलेलं असतं.

"किती वेळा, काका?"

"दर टायमाले."

म्हणजे जंतू आडमुठा नव्हताच, जेवलेला होता. पाच वर्षांचा एकही आकडा खरा नव्हता. अंजू टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. काका घाबरले. "काही चुकलं काय वं? म्या कोनाले सांगत नाही. तुही शपत."

ते सांगणार नव्हतेच, आणि परीक्षकांनाही कळणार नव्हतं. जाऊ दे, मरू दे, पाठवून टाकू प्रबंध, असं तिच्या मनात आलं, एकदा नाही, दहादा आलं. मग तिनं तिच्या गाइडना, अलकनंदा मॅडमना, फोन लावला.

"मॅडम, आकडे खोटे आहेत. प्रबंध पाठवत नाही." तिनं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "नोंदणी जाईल, अंजू."

"हौ, मॅडम."

"मग निदान लेखी दे. त्या माणसाचं नाव घालून. चूक त्याची आहे."

काका दाराशी हात जोडून उभे होते.

"नाही मॅडम," अंजू म्हणाली. "उपाशी ठेवा, एवढंच मी त्यांना सांगितलं. काहून ठेवायचं, ते पाच वर्षांत एकदाही नाही सांगितलं."