मिनिटाला एकतीस फेरे

झिपऱ्याच्या डोक्यावर आता औषधालाही केस उरला नव्हता, पण नाव काही उतरलं नाही. विशीत त्याचे केस खांद्याखाली यायचे, आणि तेही फवारा मारून असे फुगवलेले की दारातून आधी केस आत येत आणि मागून झिपऱ्या. सलून वडिलांचं. गिऱ्हाइकं वडिलांना म्हणायची, "आमचं राहू द्या, आधी ह्याला बसवा खुर्चीत." पुढे वडील गेले, केस गळले, सलून झिपऱ्याकडे आलं. नाव टिकलं ते ग्लॅम मेटलमुळे.

ग्लॅम मेटल म्हणजे काय, हे त्या सलूनमध्ये कोणाला विचारावं लागत नसे. बाप्यांनी ओठ रंगवायचे, चकचकीत तंग पँटी घालायच्या, केसांवर डबाभर फवारा मारायचा आणि इलेक्ट्रिक गिटार अशा कडकडवायच्या की शेजाऱ्याने भिंत ठोकावी. झिपऱ्याकडे असल्या एकशे बारा तबकड्या होत्या आणि प्रत्येकीवर त्याचं मत तयार होतं. एका निळ्या वहीत तो ती मतं लिहायचा आणि दाढी करताना गिऱ्हाइकाला ऐकवायचा. वस्तरा गळ्याशी असताना वाद कोण घालणार? "चित्त्याच्या पँटींचा अल्बम: केस पाच किलो, गाणी पाव किलो." "लाल मोटारीचा अल्बम: पहिली बाजू राजा, दुसरी बाजू राजाचा मेव्हणा." माणूस मान हलवू शकत नव्हता, त्यामुळे झिपऱ्याला आपली सगळी मतं सर्वमान्य वाटत.

पण वहीच्या पहिल्या पानावर एकच अल्बम होता. फुटक्या आरशासमोर गुलाबी रेशमात उभे चौघे. त्याच्याबद्दल झिपऱ्याने लिहिलं होतं: "वरून नटवे, आतून शोकाकुल. इतकं भारदस्त, सावकाश आणि थकलेलं ग्लॅम मेटल दुसऱ्या कोणी केलं नाही. गाणारा पोरगा बावीस वर्षांचा, पण गळ्यात साठीचं दुःख." हे मत तो प्राणपणाने जपत होता. त्याच मतापायी त्याचा सख्खा भाऊ एकतीस वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

भाऊ म्हणजे बारक्या. पाच वर्षांनी धाकटा, अंगाने सडपातळ, लेथवर काम करणारा. लोखंडाचा गोळा द्या, बारक्या त्यातून केसाइतका नेमका दांडा कातून काढणार. दोघं सलूनच्या मागच्या खोलीत एकत्र वाढले. बारक्या नऊ वर्षांचा असताना त्याने खेळता खेळता सलूनचं शटर खाली ओढलं आणि दादाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं त्यात चेमटली. बोटं राहिली, पण कायमची आळशी झाली. घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. झिपऱ्याने तर मुळीच नाही. बारक्या मात्र जेवताना त्या बोटांकडे बघायचा.

आणि नेमकी गिटार वाजवायला डावा हातच पळावा लागतो. झिपऱ्याने ती घेतली तेव्हा लोक हसले. वर्षभर त्याची बोटं तबकडीच्या मागून फरफटत राहिली, आणि सगळं लक्ष बोटांत असल्यामुळे गाणं कानात शिरायचंच नाही. मग एका रविवारी बारक्या रेकॉर्ड प्लेअर उचलून कारखान्यात घेऊन गेला, "दादा, मोटर साफ करून आणतो" म्हणाला. त्यानंतर महिन्याभरात झिपऱ्याचा हात बसला. फुटक्या आरशाच्या अल्बमचं शेवटचं गाणं, त्यातली ती दीड मिनिटाची गिटार, तो तबकडीबरोबर सुरात सूर मिळवून वाजवू लागला. आळशी बोटंसुद्धा पोचायची. गावभर सांगत सुटला.

मग चौघा मित्रांबरोबर बँड जमवला आणि पहिल्याच तालमीला भांडण झालं. ते घाई करतात, हा म्हणाला. तू रेंगाळतोस, ते म्हणाले. झिपऱ्याने त्यांना अकलेचे कांदे ठरवलं आणि तणतणत घरी आला. बारक्या म्हणाला, "दादा, त्यांचं बरोबर आहे. तो अल्बम तेवढाच जलद आहे. खरं म्हणजे..."

"तुला कान आहेत का?" झिपऱ्या ओरडला. "तू लोखंड ऐक तुझं! ह्या अल्बमबद्दल पुढे एक शब्द बोललास तर तू माझा भाऊ नाहीस."

बारक्याचं तोंड उघडं होतं ते त्याने मिटलं. आठवड्याभरात गादी गुंडाळून तो दुसरीकडे राहायला गेला. पुढे दोघांची लग्नं झाली, जावा-जावांचं गूळपीठ जमलं, आईच्या आजारपणात दोघं एकाच बाकावर बसले. बोलले नाहीत. झिपऱ्याला वाटे, माफी धाकट्याने मागायला हवी. गिटार कपाटामागे गेली आणि झिपऱ्याचं वाजवणं संपलं, ऐकणं तेवढं राहिलं. जग पुढे गेलं, फोनवर गाणी आली. कोणी त्याला फोनवर तोच अल्बम ऐकवला की तो हात झटकायचा, "बंद कर. फोनवाले पळवतात गाणी. उंदरासारखी चिरकतात." जगातले सगळे फोन चुकत होते आणि झिपऱ्याचा एकटा प्लेअर बरोबर होता. त्याला स्वतःला यात काहीच वावगं वाटलं नाही.

या वर्षी प्लेअर बंद पडला. थाळी फिरवणारा रबरी बेल्ट तो स्वतः वरून बदलायचा, पण यावेळी मोटरच रुसली. खाली चार स्क्रू होते, ते त्याने जन्मात उघडले नव्हते आणि कोणाला हातही लावू दिला नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवायचाय का दुरुस्त करायचाय, ते एकदा ठरवा." तेव्हा कुठे दुरुस्तीवाली घरी आली. तरुण, बोटांना सोल्डरिंगचे चटके, कमी बोलणारी. तासाभरात तिने वरूनच मोटर फिरती केली. मग थाळीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तिने घड्याळ काढलं.

"काका, मिनिटाला तेहतीस फेरे व्हायला हवेत. वर थोडंसं. मोजा."

झिपऱ्याने मोजले. एकतीस आले. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजले. पुन्हा एकतीस, आणि बत्तिसावा अर्ध्या वाटेवर.

"तुमचा प्लेअर हळू चालतोय. सूरही अर्ध्या पट्टीने खाली असणार. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

"मी गिटार ह्याच्यावरूनच लावायचो," झिपऱ्या म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं.

तिने थाळी उचलली. मोटरच्या दांड्यावर, बेल्ट ज्यावरून फिरतो ती इवलीशी पुली होती. तिने ती काढली, उजेडात धरली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. "ही कंपनीची नाही. कोणीतरी लेथवर हाताने कातलीय. काय काम आहे, काका! कुठे एक ओरखडा नाही. फक्त मापाला बारीक आहे, म्हणून थाळी मंद फिरते. इतका पक्का हात असलेला माणूस मापात चुकेल कसा?"

मूळची पुली आत पडलीय का बघायला तिने प्लेअर उलटा करून खालचे चार स्क्रू सोडवले. आतल्या बाजूला, जखमेला लावतात त्या चिकटपट्टीने एक कागदाची पुडी डकवलेली होती. पट्टी वाळून कडक झाली होती. पुडीत दुसरी पुली निघाली, कंपनीची, जराशी जाड. कागदावर बारक्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: "दादाचा हात बसला की ही लावायची. तोवर सांगायचं नाही."

दुरुस्तीवालीने तो वाचला नाही. काय समजायचं ते समजून ती तिकडे वळून बेल्ट पुसत बसली.

"लाव," झिपऱ्या म्हणाला. "जाड लाव."

ती गेल्यावर त्याने दार ओढून घेतलं. दुपारचं ऊन खिडकीतून तबकड्यांच्या मांडणीवर पडलं होतं. त्याने फुटक्या आरशाचा अल्बम काढला, बाहीने पुसला आणि सुई ठेवली.

पहिल्या ठोक्यालाच तो उठून उभा राहिला. ढोल दारावर थाप मारावी तसे आत आले. जे गाणं हजारदा ऐकून त्याला पाठ झालं होतं, ते त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं. गिटारी उजळ होत्या, त्या एकमेकींना चिडवत पळत होत्या. आणि गाणारा! साठीचं दुःख वगैरे काही नाही. तो बावीस वर्षांचा पोरगा होता, बावीस वर्षांच्याच आवाजात गात होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या गाण्यात कडव्याच्या शेवटी जो हुंदका झिपऱ्याने वहीत तारीख घालून नोंदवला होता, ते चक्क हसू होतं. सगळा अल्बम हसत होता. आरसा फुटलाय, फुटू दे, आपण चौघं आहोत ना, असं ते म्हणत होते.

झिपऱ्या खोलीच्या मधोमध उभा होता. टकलावर काटा येतो हे त्याला त्या दिवशी कळलं. एकशे बारा तबकड्यांकडे त्याने नजर टाकली. ह्या सगळ्याच आपल्या ऐकायच्या राहिल्यात, या विचाराने रडावं की नाचावं ते त्याला कळेना. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणाला एवढं घबाड मिळतं?

शेवटचं गाणं आलं तेव्हा त्याने कपाटामागून गिटार ओढली, खुंट्या पिळून नव्या पट्टीत लावली आणि सुई पुन्हा मागे नेली. दीड मिनिटाची ती जागा आली. चार सुरांत त्याची बोटं मागे पडली, आठव्या सुराला तबकडी कुठल्या कुठे निघून गेली होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चेमटलेली दोन बोटं तारेवर पोचेपर्यंत तिकडे गाणं संपत होतं. त्या वयातही ती पोचली नसती. आपला हात कधीच बसला नव्हता. तबकडीच थांबत थांबत आपल्याबरोबर चालत होती, आणि तिला तसं चालायला लावणाऱ्याला आपण म्हणालो होतो, तुला कान नाहीत.

त्याने निळी वही उघडली. पहिल्या पानावर काट मारावी असं वाटलं, पण मारली नाही. दोन्ही पुल्या खिशात टाकल्या, सलूनच्या दारावर 'बंद' ची पाटी फिरवली आणि दाढीसाठी ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला बायकोने कसंबसं थोपवलं तोवर तो रस्त्याला लागला होता.

बारक्याच्या कारखान्यात लेथ चालू होता. तेलाचा वास, जमिनीवर लोखंडाचा कुरळा कीस. बारक्या वाकून काम करत होता, केस पांढरे पण सगळे शाबूत. झिपऱ्याच्या मनात येऊन गेलं की देवाघरीही न्याय नाही. बारक्याने मान वर केली, थोरल्या भावाला दारात बघितलं आणि मशीन बंद केलं.

झिपऱ्याने हात पुढे केला. तळहातावर दोन पुल्या होत्या, एक बारीक, एक जाड.

बारक्याने त्या बघितल्या. मग चिंधीने हात पुसत म्हणाला, "बोलू का?"

झिपऱ्याला आता उमगलं. एकतीस वर्षं ह्याने तो एक शब्द गिळून ठेवला होता. आपण माफीची वाट बघत बसलो होतो आणि हा परवानगीची.

"आधी मी बोलतो," तो म्हणाला. "मी गाढव आहे. अल्बम हसतोय रे."

"पहिल्यापासून हसतोय, दादा."

"आणि मला कधीच वाजवता आलं नाही."

"येत होतं," बारक्या चटकन म्हणाला. "सूर एक चुकायचा नाही तुझा. फक्त वेळ लागायचा. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ द्यायचा, त्यात काय एवढं? मीच शटर ओढलं होतं ना."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं. झिपऱ्याने मान खाली घातली. त्याने जाड पुली खिशात टाकली आणि बारीक तेवढी तळहातावर ठेवली.

"ऐकायला ही जाड लावीन," तो म्हणाला. "पण वाजवायला आता ही बारीकसुद्धा पुरायची नाही. बोटं अजून म्हातारी झालीत. ह्याहून बारीक एक कातून दे."

बारक्याने पुली चिमटीत घेतली, माप घ्यायचा व्हर्नियर उचलला, आणि परत ठेवला.

"असं अंदाजाने नाही जमायचं," तो म्हणाला. "रविवारी घरी येतो. तू वाजव, मी बसून ऐकतो आणि माप घेतो."